बाणाचं टोक कुणीकडे?

सातवीच्या वर्गात भूगोलाच्या तासाला मी फळ्यावर एक उतारा लिहून दिला होता. ढंग पाठ्यपुस्तकाचा, वाक्यं माझी.

'नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून येताना सोबत भरपूर बाष्प आणतात. सह्याद्रीच्या रांगेने अडवल्याने ते वर चढतात. वर गेलेली हवा थंड होऊन बाष्पाचे पाण्यात रूपांतर होते आणि घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडच्या प्रदेशात मात्र पाऊस कमी पडतो, कारण डोंगर ओलांडून उतरणाऱ्या हवेत बाष्प कमी उरलेले असते व उतरताना ती हवा गरम होत जाते.'

खाली दोन गावांची नावं लिहिली होती. महाबळेश्वर, जिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. आणि वाई, तिथून जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटरवर, पसरणीचा घाट उतरलं की लागणारी, जिथे तो हजार मिलिमीटरही गाठत नाही.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीने उतारा मोठ्याने वाचला. आवाज खणखणीत, 'नैर्ऋत्य'लासुद्धा अडखळली नाही. मी विचारलं, "मग वाईला पाऊस कमी का गं?"

"बाई, महाबळेश्वरला जास्त पडतो म्हणून."

हे उत्तर अगदीच चूक नाही. पाऊस महाबळेश्वरला पडून जातो म्हणूनच पुढे बाष्प कमी उरतं. पण तिच्या मनात पाऊस म्हणजे टाकीतल्या पाण्यासारखा होता, एकाला जास्त दिला की दुसऱ्याला कमी. वाऱ्याने डोंगर चढणं, हवा थंड होणं, मग उतरताना तापणं, या साऱ्या पायऱ्या तिने वाचल्या होत्या आणि मनात एकही उतरली नव्हती. मी तिला पाठकोरा कागद दिला आणि म्हटलं, "शेवटचं वाक्य चौकटींत मांड. बाण काढ." तिने पहिली चौकट काढली, तीत लिहिलं 'पाऊस कमी'. दुसऱ्या चौकटीत 'हवेत बाष्प कमी'. पहिलीकडून दुसरीकडे बाण.

"आता बाणाच्या जागी 'म्हणून' घालून वाच."

"पाऊस कमी पडतो म्हणून हवेत बाष्प..." ती थांबली. कागदाकडे पाहत राहिली. मग खोडरबर घेऊन बाणाचं टोक पुसलं आणि दुसऱ्या बाजूला काढलं. थोड्या वेळाने आपणहून तिसरी चौकट काढली, 'हवा गरम होते', आणि तिचाही बाण 'पाऊस कमी'वर आणून सोडला. एका परिणामाला दोन कारणं आहेत, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकरणाचा विषय म्हणजे तो खोडरबर. प्रशिक्षणांमध्ये ज्याला ग्राफिक ऑर्गनायझर म्हणतात आणि आपल्या पाठ्यपुस्तकांत जे आकृतिबंध, ओघतक्ता, संकल्पनाचित्र अशा नावांनी भेटतं, ते सगळं मी वर्गात नुसतं 'आकृती' म्हणते. सहावी ते आठवीच्या मुलांना वाचायला शिकवताना आकृती फार मोलाची आहे असं माझं ठाम मत आहे. मात्र मोल आहे ते टोक कुणीकडे काढायचं हा प्रश्न मुलाला पडण्यात. चौकटी भरून झाल्या आणि हा प्रश्न पडलाच नाही, तर कागद भरतो एवढंच.

ही अडचण नेमकी या वयात का येते? अमेरिकेतल्या वाचनशास्त्राच्या अभ्यासक जीन चॉल यांनी 1983 साली वाचनाच्या वाढीचे टप्पे मांडले. त्यांच्या मते पहिली तीनेक वर्षं मूल वाचायला शिकतं आणि साधारण चौथीपासून वाचून शिकायला लागतं. या वळणावर बरीच मुलं घसरतात. तोपर्यंत ठीक वाचणारं मूल अचानक मागे पडल्यासारखं दिसतं, कारण मजकूरच बदललेला असतो. तिसरीपर्यंतचं वाचन बहुतांशी गोष्टीचं, आणि गोष्टीचा क्रम मुलाच्या कानात आजीपासून बसलेला असतो. कावळ्याचं घर वाहून गेलं, तो चिमणीकडे आला, तिने दार उघडायला वेळ लावला. पुढे काय होणार हे विचारत विचारत मूल वाचत जातं. सहावीच्या भूगोलात, विज्ञानात, नागरिकशास्त्रात 'पुढे काय' हा प्रश्न कामाचा राहत नाही. तिथे 'कशामुळे', 'कशापेक्षा', 'कशाचा भाग' असे प्रश्न विचारावे लागतात आणि ते विचारायचे असतात हेच मुलाला कुणी सांगितलेलं नसतं.

आपल्याकडे 'असर'च्या पाहण्यांमुळे एक गोष्ट सर्वांना ठाऊक झाली आहे. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा नीट वाचता येत नाही. त्या मुलांची काळजी आधी करायला हवी, आणि त्यांना या प्रकरणातल्या आकृत्यांचा उपयोग नाही. त्यांना अक्षरं, जोडाक्षरं आणि भरपूर सोपी पुस्तकं हवीत. मी बोलते आहे ती उरलेल्या निम्म्यांबद्दल, ज्यांचं वाचन पालक आणि शिक्षक दोघंही 'झालं' असं धरून चालतात. त्या खणखणीत आवाजाच्या मुलीबद्दल.

मजकुराला घडण असते ही गोष्ट बॉनी मेयर यांनी 1970च्या दशकात नेटाने मांडली. माहितीपर लेखनात थोड्याच घडणी पुन्हा पुन्हा येतात: वर्णन, क्रम, कारण आणि परिणाम, समस्या आणि उपाय, तुलना. 1980 साली मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या विद्यार्थ्यांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. लेखकाने वापरलेली घडण ज्या मुलांनी ओळखली आणि आठवून लिहिताना तीच घडण वापरली, त्यांच्या लक्षात मजकूर जास्त राहिला होता. आकृतीचं सारं बळ इथून येतं. साखळी हे कारण-परिणामाचं चित्र आहे, दोन रकाने हे तुलनेचं आणि फांद्यांचं झाड हे वर्गीकरणाचं. म्हणून आधी उतारा वाचून त्याची घडण ओळखायची आणि मग आकृती निवडायची. वर्गात नेमकं उलट होतं. शिक्षक म्हणतात, "आज आपण जाळं काढू या," आणि मग कुठलाही पाठ जाळ्यात कोंबला जातो. मध्यभागी 'पाऊस', भोवती आठ रेघा, आठ शब्द. दिसायला छान. पण वारा, डोंगर, बाष्प आणि थंडी यांच्यात कशामुळे काय झालं, हे त्या आठ रेघा सांगू शकत नाहीत. सगळ्या सारख्याच आहेत, सगळ्या 'पाऊस'ला चिकटलेल्या.

घडण ओळखायची कशी? इंग्रजी पुस्तकांत याचं उत्तर खुणेचे शब्द असं मिळतं आणि मराठी प्रशिक्षणांतही त्याची भाषांतरित यादी वाटली जाते: कारण, म्हणून, परंतु, याउलट, प्रथम, नंतर. यादी बरोबर आहे, पण अपुरी आहे. मराठीत कारण पुष्कळदा स्वतंत्र शब्दात नसतंच, ते शब्दाच्या शेपटीला लागलेलं असतं. वरच्या उताऱ्यात वारे वर का चढतात? 'अडवल्याने'. तो '-ने' हेच तिथलं 'कारण'. 'पावसामुळे', 'पाणी न मिळाल्यास', 'तापमान वाढताच' या सगळ्यांत नातं प्रत्ययात दडलेलं आहे. मुलांना 'कारण' हा शब्द शोधायला सांगितलं की ती चौथ्या वाक्यावर बोट ठेवतात आणि दुसऱ्या वाक्यातलं कारण निसटतं. सर्वांत फसवं आहे ते '-ऊन'. 'हवा थंड होऊन बाष्पाचे पाण्यात रूपांतर होते' यात थंड होणं हे कारण आहे. 'तो घरी येऊन जेवला' यात घरी येणं आधी घडलं एवढंच, त्यामुळे भूक लागली नाही. प्रत्यय तोच, आणि आकृतीत मात्र एके ठिकाणी 'म्हणून'चा बाण लागतो, दुसरीकडे 'मग'चा. मी मुलांना दोन बाण शिकवते. 'म्हणून'साठी जाड, 'मग'साठी बारीक. कुठला काढायचा यावर चौघांच्या गटात जी भांडणं होतात, ती ऐकण्यासारखी असतात.

'कारण' या शब्दाची आणखी एक गंमत त्या मुलीच्या कागदावर दिसली. मराठीत 'कारण' आलं की वाक्य मागे वळतं. आधी परिणाम सांगितला जातो, मग कारण. 'पाऊस कमी पडतो, कारण बाष्प कमी असते.' डोळा डावीकडून उजवीकडे जातो आणि अर्थ उजवीकडून डावीकडे. मूल वाक्याच्या क्रमाने चौकटी काढतं आणि बाणही त्याच क्रमाने. 'म्हणून' असेल तर दोन्ही क्रम जुळतात आणि चूक लपून राहते. म्हणूनच मी आकृतीसाठी उतारे निवडताना 'कारण'वाली वाक्यं मुद्दाम घेते, आणि प्रत्येक बाण 'म्हणून' घालून मोठ्याने वाचायला लावते. कानाला खटकतं तिथे टोक उलटं आहे.

तुलनेची आकृती म्हणजे एकमेकांत शिरलेली दोन वर्तुळं. तिचा इतिहास तर्कशास्त्रातला आहे. इंग्लंडच्या जॉन व्हेन यांनी 1880 साली ती मांडली, पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झालं त्याच वर्षी. मला हा योगायोग आवडतो, कारण या आकृतीसाठी मी नेहमी त्याच शाळेतली एक जोडी घेते: टिळक आणि आगरकर.

मुलांना माहीत असतं की दोघांचं पटलं नाही. वर्तुळं काढली की बाहेरच्या दोन बाजू भराभर भरतात. मधली जागा रिकामी राहते. मग मी सांगते, मधली जागा भरल्याशिवाय उठायचं नाही. मुलं पाठ पुन्हा उघडतात आणि एकेक सापडायला लागतं. दोघंही जुलै 1856चे, नऊ दिवसांच्या अंतराने जन्मलेले. दोघंही डेक्कन कॉलेजात. दोघंही न्यू इंग्लिश स्कूलमध्ये, 'केसरी' आणि 'मराठा'च्या कामात, 1884च्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत. 1882 साली कोल्हापूर प्रकरणात दोघांनी एकत्र 101 दिवसांचा तुरुंगवास भोगला. मधली जागा एवढी भरली की मुलांचे चेहरे बदलतात. वर्गात एकदा एक मुलगा म्हणाला, "बाई, म्हणजे हे दोस्त होते. दोस्ताशी भांडण झालेलं." पाठात हे सगळं छापलेलं होतं. पण पाठ वेगळेपणावर भर देत होता आणि मुलंही तेवढंच वाचत होती. रिकाम्या मधल्या जागेने त्यांना परत मजकुरात ढकललं.

त्याच तासाला या आकृतीची मर्यादाही दिसते. टिळकांच्या बाजूला लिहिलेलं असतं 'रत्नागिरीत जन्म', आगरकरांच्या बाजूला 'सुधारक सुरू केले'. ही तुलना होत नाही, या दोन वेगळ्या गोष्टी शेजारी ठेवल्या आहेत. म्हणून वर्तुळांनंतर मी साधा तीन रकान्यांचा तक्ता घेते. डावीकडे कशाबाबत तुलना ते, मग एक एक माणूस. 'आधी काय हवं?' या ओळीत एकीकडे राजकीय हक्क, दुसरीकडे समाजसुधारणा. '1891चं संमतिवयाचं विधेयक' या ओळीत आगरकरांचा पाठिंबा, टिळकांचा विरोध, आणि त्या विरोधामागचं कारणही: परक्या सरकारने कायदा करून यात हात घालू नये. 'वृत्तपत्र' या ओळीत 1888चं 'सुधारक' एकीकडे आणि 'केसरी' दुसरीकडे. पहिला रकाना कुणी भरायचा यावर सगळं अवलंबून आहे. तो शिक्षकाने भरून दिला तर मुलं माहिती उचलून ठेवतात. तो मुलांनी भरला तर 'कशाबाबत?' हा प्रश्न त्यांना विचारावा लागतो आणि तुलनेचं वाचन म्हणजे हा प्रश्नच आहे.

आता संकल्पनाचित्र. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हॅक आणि त्यांचे सहकारी लहान मुलांच्या विज्ञानाच्या समजेचा 12 वर्षं पाठपुरावा करत होते. मुलांच्या मुलाखतींचे ढीग साचले आणि त्यातून कुणाची समज कशी बदलते आहे ते काढणं अवघड झालं. तेव्हा 1972च्या सुमारास त्यांनी प्रत्येक मुलाचं बोलणं शब्द आणि जोडरेघा यांत मांडायला सुरुवात केली. म्हणजे हे साधन मुळात मोठ्यांनी मुलाचं मन वाचण्यासाठी तयार झालं. शिक्षकाने हे लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. मुलाने काढलेलं संकल्पनाचित्र हे आधी शिक्षकाने वाचायचं असतं, गुण नंतर.

नोव्हॅक यांच्या पद्धतीत प्रत्येक रेघेवर जोडशब्द लिहायचा असतो, आणि दोन चौकटी व रेघ मिळून एक विधान व्हायला हवं. इंग्रजीत हे सहज जमतं, कारण त्या भाषेत क्रियापद मध्ये येतं. मराठीत ते शेवटी येतं. 'मुळं' ही एक चौकट, 'पाणी' ही दुसरी, आणि रेघेवर 'शोषतात' लिहिलं की वाचताना होतं 'मुळं शोषतात पाणी'. हे कवितेत चालेल. मुलं मग कंटाळून रेघेवर काहीच लिहीत नाहीत आणि चित्राचा प्राणच जातो. मी काढलेला उपाय साधा आहे. रेघेवर मोडकं लिहायचं, तोंडाने पूर्ण वाक्य म्हणायचं: "मुळं जमिनीतलं पाणी शोषतात." शेजारच्याने ऐकायचं. वाक्य पूर्ण झालं नाही तर रेघ पुसायची. शहाबादी फरशीवर खडूने काढलेलं चित्र यासाठी वहीपेक्षा बरं, कारण ओल्या फडक्याने रेघ लगेच जाते आणि चुकीची भीती राहत नाही. कागदाचा, झेरॉक्सचा खर्चही नाही.

वाचायला सुरुवात करण्याआधीची एक आकृती आहे, तीन रकान्यांची. डोना ओगल यांनी ती 1986 साली मांडली: काय माहीत आहे, काय जाणून घ्यायचं आहे, काय कळलं. ती सर्वत्र वापरली जाते आणि बहुतेक ठिकाणी पहिला रकाना भरून सोडून दिली जाते. सापांवरच्या पाठाआधी माझ्याकडे पहिल्या रकान्यात दर वर्षी येतं: 'नाग दूध पितो.' नागपंचमीला घरात पाहिलेलं, आजीकडून ऐकलेलं. ते पुसायचं नाही. पाठ वाचून झाला की चौथा रकाना काढायचा, 'माहीत होतं त्यातलं काय बदललं', आणि त्यात मुलाने आपल्या हाताने लिहायचं की दूध हे सापाचं अन्न नाही. जुनं वाक्य शेजारी तसंच राहतं. मला वाटतं, चुकीची समज शिक्षकाने खोडण्यापेक्षा मुलाने दोन वाक्यं शेजारी शेजारी बघणं जास्त काळ टिकतं.

नव्या शब्दासाठी डोरोथी फ्रेयर यांची चौकट आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठात 1969 साली त्यांनी सहकाऱ्यांसह मांडलेली. मध्ये शब्द, भोवती चार कप्पे: व्याख्या, लक्षणं, उदाहरणं आणि जी उदाहरणं नव्हेत ती. चौथा कप्पा सगळ्यात कामाचा. 'कीटक' हा शब्द घ्या. मुंगी, झुरळ, फुलपाखरू ही उदाहरणं कुणीही देतं. चौथ्या कप्प्यात 'हत्ती' लिहिला तर काहीच कळलं नाही. 'कोळी' लिहिला आणि का ते सांगितलं, आठ पाय आहेत, शरीराचे दोनच भाग आहेत, तर तो शब्द त्या मुलाचा झाला. जवळचं पण नव्हे, असं उदाहरण मागायचं.

अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने 2000 सालच्या अहवालात आकलन वाढवणाऱ्या ज्या मोजक्या पद्धतींना पुरेसा आधार मिळाला असं म्हटलं, त्यांत आकृत्या होत्या. हे वाक्य प्रशिक्षणांमध्ये मोठ्याने सांगितलं जातं. त्यानंतरची गोष्ट फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती सांगणं गरजेचं वाटतं.

2007 साली अँड्र्यू स्टल आणि रिचर्ड मेयर यांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना जीवशास्त्राचा मजकूर दिला. काहींना तयार आकृत्या दिल्या, काहींना स्वतः काढायला लावल्या. नंतर नवे प्रश्न सोडवताना तयार आकृत्या मिळालेले विद्यार्थी पुढे होते. मुलाने स्वतः काढलेलंच चांगलं असं मानणाऱ्या माझ्यासारखीला हे पचायला जड गेलं. पण कारण समजण्यासारखं आहे. मजकूर अवघड, आकृती काढणंही अवघड, आणि मनाची जागा तेवढीच. आकृती आखण्यातच सगळी ताकद गेली तर समजून घ्यायला काय उरणार? त्यानंतर मी क्रम बदलला. नवी आकृती नेहमी ओळखीच्या मजकुरावर शिकवायची. सातवीच्या मुलांना चिऊ-काऊच्या गोष्टीची कारण-परिणाम साखळी काढायला सांगितली की ती हसतात, पण दहा मिनिटांत साखळी त्यांच्या हाताला बसते. मग अनोळखी उताऱ्यावर पूर्ण आकृती मी काढून दाखवते, विचार मोठ्याने बोलत, माझं टोक कुठे चुकलं तेही दाखवत. मग अर्धी भरलेली आकृती. सहावीच्या जूनपासून हे सुरू केलं तर सातवीच्या दिवाळीपर्यंत मुलं कोऱ्या कागदावर येतात.

2011 साली 'सायन्स' या नियतकालिकात जेफ्री कार्पिकी आणि जॅनेल ब्लंट यांचा प्रयोग आला. एका गटाने मजकूर समोर ठेवून संकल्पनाचित्र काढलं. दुसऱ्या गटाने वाचून मजकूर बाजूला ठेवला आणि आठवेल ते लिहिलं, मग पुन्हा वाचून पुन्हा लिहिलं. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे होते. परीक्षेत संकल्पनाचित्र काढायला सांगितलं तरीसुद्धा! पुस्तक उघडं असताना आकृती काढणं हे बरंचसं उतरवून घेणं ठरतं, हा त्यातून मी घेतलेला धडा. आता माझ्या वर्गात आकृती दोनदा होते. पहिल्यांदा उघड्या पुस्तकावर, समजण्यासाठी. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून पेन्सिलने, आणि मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनने. लाल किती आहे ते मूल स्वतःच पाहतं.

आणखी एक अभ्यास, 1988चा, डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांचा. सातवी-आठवीच्या 64 मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्याकडे क्रिकेटचा उतारा दिला तर काय होईल ते सांगायला नको. ज्याने घाट पाहिला नाही, ढग डोंगराला अडकलेले पाहिले नाहीत, त्याच्यासाठी 'अडवल्याने' हा नुसता शब्द राहतो. त्याला आधी घाट दाखवावा लागतो, निदान चित्रात. ज्ञानाची उणीव चौकटींनी भरून निघत नाही.

आणि आता जे मला मनापासून खटकतं ते. दहावीच्या भाषेच्या परीक्षेत हल्ली प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका असते. उताऱ्याखाली 'आकृती पूर्ण करा', 'चौकटी पूर्ण करा', 'ओघतक्ता पूर्ण करा' असं येतं. हेतू चांगला होता. घोकंपट्टी जावी, मुलाने न पाहिलेला उतारा वाचून उत्तर द्यावं. पण चौकटी किती, बाण कुठून कुठे, मधला शब्द कोणता, हे सगळं आधीच छापलेलं असतं. म्हणजे वाचनाचं जे अवघड काम आहे ते परीक्षकाने केलेलं असतं आणि मुलाला उरतं ते उताऱ्यात जुळणारा शब्द हुडकून आत लिहिणं. परीक्षेत हे समजू शकते, हजारो पेपर तपासायचे असतात. पण परीक्षेची ही सावली सहावीपर्यंत खाली आली आहे. कोरा कागद दिला की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "बाई, किती चौकटी काढायच्या?" मी म्हणते, उतारा सांगेल. सुरुवातीला त्यांना वाटतं मी उत्तर द्यायचं टाळते आहे.

ती दुसऱ्या बाकावरची मुलगी पुढच्या वर्षी आठवीत गेली. जमिनीच्या धुपीवरचा एक उतारा मी घाईत लिहून दिला होता: 'झाडे तोडली जाऊन मातीची धूप वाढते. माती वाहून नद्या गाळाने भरतात. पावसाचे प्रमाण घटून शेतीवर परिणाम होतो.' तिने किती चौकटी ते विचारलं नाही. पाच काढल्या. झाडांपासून धुपीपर्यंत जाड बाण, धुपीपासून गाळापर्यंत जाड बाण. पुढे 'पाऊस घटतो' आणि 'शेतीवर परिणाम' या दोन चौकटी जाड बाणाने जोडल्या होत्या. पण गाळ आणि पाऊस यांच्यात बाण नव्हता. तुटक रेघ होती, दोन्ही टोकं मोकळी, आणि वर प्रश्नचिन्ह.

"बाई, इथे कशामुळे पाऊस घटतो ते लिहिलंय का? झाडं तोडल्यामुळे की गाळामुळे? का नुसतं पुढचं वाक्य आहे?"

मी उतारा पुन्हा वाचला. लिहिलेलं नव्हतं. ती तुटक रेघ मी तशीच ठेवायला सांगितली.